गादी नाकारणारा मौलाना

मौलाना अबुल कलाम आझाद म्हटले की काँग्रेसचे अध्यक्ष आणि स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री एवढेच बहुतेकांना आठवते. त्यांचा खरा पिंड धर्मशास्त्राच्या अभ्यासकाचा होता, याचा विसर पडला आहे.

त्यांचा जन्म १८८८ चा, मक्केतला. आईचे घराणे अरब विद्वानांचे. वडील मौलाना खैरुद्दीन मूळचे दिल्लीचे. १८५७ च्या सुमारास त्यांचे आजोबा मक्केस जाण्यासाठी निघाले, पण मुंबईतच वारले. तरुण नातू पुढे गेला आणि तिकडेच स्थायिक झाला. पुढे पायाचे हाड मोडले म्हणून उपचारासाठी १८९० साली हे कुटुंब कलकत्त्यास आले, ते कायमचे. आईचे छत्र लहानपणीच हरपले. घरची भाषा अरबी, शहराची बंगाली, आणि कीर्ती मिळवून दिली ती उर्दूने!

खैरुद्दीन हे पीर होते; त्यांचा शिष्यपरिवार मोठा होता. पाश्चात्त्य विद्येचे त्यांना वावडे. मुलाला त्यांनी घरीच शिकवले. जुना 'दर्स-ए-निजामी' अभ्यासक्रम मुलाने सोळाव्या वर्षी संपवला. शिकलेले शिकवून दाखवावे, या परंपरेला अनुसरून वडिलांनी पंधराएक विद्यार्थी जमवले आणि मुलगा त्यांना तर्कशास्त्र व गणित शिकवू लागला. चालून आलेली गादी समोर होती. परंतु सर सय्यद अहमद खान यांचे लेखन वाचून आणि स्वतःच्या प्रयत्नाने इंग्रजी शिकून त्याच्या मनात संशयाने घर केले. काही वर्षे श्रद्धेचा ठाव लागेना. वारसाने आलेल्या समजुतींपासून सुटका झाली, याची खूण म्हणून त्याने 'आझाद' हे नाव घेतले. १९०८ मध्ये इराक, इजिप्त, तुर्कस्तान असा प्रवास घडला. (अल्-अझर विद्यापीठात ते शिकले, ही महादेवभाई देसाईंच्या चरित्रातून पसरलेली समजूत खरी नाही, आझादांनीच पुढे तिचा खुलासा केला.)

१९१२ साली 'अल्-हिलाल' निघाले आणि सरकारची वक्रदृष्टी वळली. १९१६ मध्ये बंगालमधून हद्दपारी, मग रांचीत स्थानबद्धता. तेथे मशिदीत प्रवचने चालली, मदरसा उभा राहिला, कुराणाचे उर्दू भाषांतर व भाष्य सुरू झाले. पोलिसांनी हस्तलिखिते जप्त केली. परत मिळाली ती विस्कटलेली. आझाद पुन्हा लिहावयास बसले. 'तर्जुमानुल कुराण'चा पहिला खंड निघण्यास तिसरे दशक सरले. ईश्वराचे पालकत्व, करुणा आणि न्याय यांवर त्यात भर आहे. धर्माचे मूळ सर्वत्र एक, भिन्नता आचारनियमांत, हे प्रतिपादन अनेक उलेमांना रुचले नाही.

गादी नाकारणाऱ्या या माणसाला १९२० च्या सुमारास 'इमाम-उल्-हिंद' व्हावेसे वाटले होते, हेही नमूद केले पाहिजे. उलेमांचे एकमत झाले नाही आणि तो विषय मागे पडला. बरेच झाले म्हणायचे.

ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत अटक होऊन ते अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात आले. एप्रिल १९४३ मध्ये पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या; आझादांनी सरकारकडे सवलत मागितली नाही. टपालात कधीच न पडलेली पत्रे मात्र ते एका विद्वान स्नेह्याला लिहीत राहिले. चहा, कोठडीतल्या चिमण्या आणि वारशाने मिळालेली श्रद्धा हे सारे त्यांत शेजारी शेजारी येते. ती 'गुबार-ए-खातिर' या नावाने १९४६ साली प्रसिद्ध झाली. कुराणभाष्याचा तिसरा खंड मात्र आलाच नाही. १९५८ साली आझाद गेले तेव्हाही ते काम अर्धेच होते.