विल्हेल्म राँटजेन

विल्हेल्म कॉनराड राँटजेन (२७ मार्च १८४५ – १० फेब्रुवारी १९२३) हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आणि क्ष-किरणांचे शोधक होते. या शोधासाठी १९०१ साली त्यांना भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक देण्यात आले.

जीवन

राँटजेन यांचा जन्म जर्मनीतील लेनेप येथे कापडव्यापाऱ्याच्या घरी झाला. बालपण नेदरलँड्समधील अपेलडॉर्न येथे गेले. उट्रेख्टच्या तंत्रशाळेत एका शिक्षकाचे व्यंगचित्र काढल्याचा ठपका त्यांच्यावर आला. ते चित्र दुसऱ्याच विद्यार्थ्याने काढले होते. पण त्याचे नाव सांगण्यास नकार दिल्याने राँटजेन यांना शाळेतून काढून टाकण्यात आले. त्यामुळे शालान्त प्रमाणपत्र त्यांना कधीच मिळाले नाही. १८६५ साली प्रवेशपरीक्षेच्या मार्गाने ते झुरिक येथील तंत्रविद्यालयात दाखल झाले आणि १८६९ साली त्यांनी झुरिक विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. गुरू आउगुस्ट कुंट यांच्यासह ते व्युर्त्सबुर्ग विद्यापीठात गेले. पण शालेय प्रमाणपत्राअभावी तेथे त्यांना अध्यापनाचा अधिकार नाकारण्यात आला. तो त्यांना १८७४ साली स्ट्रासबुर्ग येथे मिळाला. पुढे १८८८ साली ते व्युर्त्सबुर्गमध्येच प्राध्यापक झाले आणि १८९४ साली त्याच विद्यापीठाचे प्रमुख म्हणून निवडले गेले. १९०० साली ते म्युनिक विद्यापीठात रुजू झाले.

क्ष-किरणांचा शोध

८ नोव्हेंबर १८९५ रोजी राँटजेन काळ्या कागदाने झाकलेल्या निर्वात नळीतून विद्युत्प्रवाह सोडून प्रयोग करीत होते. नळीतून प्रकाश बाहेर येत नसतानाही जवळचा बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा लेप दिलेला पडदा चमकू लागला. पुढील काही आठवडे त्यांनी एकट्यानेच या अदृश्य किरणांचा अभ्यास केला. कागद, लाकूड व मांस यांतून ते पार होतात, हाडे त्यांना बऱ्याच अंशी अडवतात आणि शिसे जवळजवळ पूर्णपणे रोखते, असे त्यांना आढळले. २२ डिसेंबर रोजी त्यांनी पत्नी बेर्टा यांच्या हाताची प्रतिमा घेतली. तीत हाडे व बोटातील अंगठी स्पष्ट दिसते. सहा दिवसांनी त्यांनी आपला निबंध प्रकाशनासाठी दिला. किरणांचे स्वरूप अज्ञात असल्याने त्यांनी बीजगणितातील अज्ञात राशीचे अक्षर नावासाठी घेतले. मराठी बीजगणितात अज्ञात राशी ‘क्ष’ने दाखवली जात असल्याने मराठीत त्यांना क्ष-किरण हे नाव रूढ झाले. हे किरण तरंगरूप आहेत याचा पुरावा १९१२ साली म्युनिकमध्ये माक्स फॉन लाउए यांच्या कल्पनेनुसार झालेल्या स्फटिकांवरील प्रयोगातून मिळाला.

सन्मान आणि अखेर

१८९६ साली राँटजेन यांना फिलिप लेनार्ड यांच्यासमवेत रॉयल सोसायटीचे रमफर्ड पदक मिळाले. सरदारकीची पदवी त्यांनी नाकारली. शोधाचे एकस्वही त्यांनी घेतले नाही. त्यामुळे ही उपकरणे बनवण्यास सर्वांना मुभा राहिली आणि काही महिन्यांतच अस्थिभंग पाहण्यासाठी व शरीरात रुतलेल्या गोळ्या शोधण्यासाठी रुग्णालयांत क्ष-किरणांचा वापर सुरू झाला. नोबेल पारितोषिकाची रक्कम त्यांनी व्युर्त्सबुर्ग विद्यापीठाला संशोधनासाठी दिली. बेर्टा यांचे १९१९ साली निधन झाले. महायुद्धानंतरच्या चलनवाढीत राँटजेन यांची बचत कवडीमोल झाली. आतड्याच्या कर्करोगाने म्युनिक येथे त्यांचे निधन झाले. १११ अणुक्रमांकाच्या मूलद्रव्याला २००४ साली त्यांच्या स्मरणार्थ राँटजेनियम हे नाव देण्यात आले.