साठाव्या वर्षी परळात आलेले धर्मानंद



आपल्या विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघते तेव्हा बाबासाहेबांवर, माता रमाईवर, महात्मा फुल्यांवर लेख येतात. ते आलेच पाहिजेत. मी मात्र यावेळी एका वेगळ्या माणसाचं चरित्र थोडक्यात सांगणार आहे. ते म्हणजे पाली भाषेचे थोर पंडित आचार्य धर्मानंद कोसंबी. त्यांचं नाव पुष्कळांनी ऐकलेलं असतं, पण त्यांचं आयुष्य कसं गेलं हे आपल्या वस्तीत कमी लोकांना ठाऊक आहे. चाळिशी ओलांडली की आपल्याकडे माणूस स्वतःला मोडीत काढतो, आता पोरांचं बघायचं म्हणतो. म्हणून हे चरित्र मला महत्त्वाचं वाटतं.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या साखवाळ गावी झाला. तेव्हा तिथे पोर्तुगीजांचं राज्य होतं. घरची नारळाची बागायत होती. शिक्षण म्हणाल तर मराठी शाळेत जेमतेम. इंग्रजी शाळेचं तोंडही त्यांनी पाहिलं नव्हतं. लहान वयात बालाबाईंशी लग्न झालं आणि ते बागायतीच्या कामाला लागले. अशा वेळी मुलांच्या एका मराठी मासिकात त्यांनी भगवान बुद्धांविषयी लेख वाचला. त्या लेखाने त्यांना झपाटून टाकलं. बुद्धाचा धम्म मूळ ग्रंथांतून शिकायचा, हे त्यांच्या मनाने घेतलं.

पण शिकवणार कोण? ज्या देशात बुद्ध झाले त्याच देशात त्यांचा धम्म शिकवणारं कोणी सापडेना. १८९९ साली, तेविसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडलं. आधी पुण्याला डॉ. भांडारकरांकडे गेले. तिथून ग्वाल्हेर, मग काशी. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. बुद्धधम्म जिवंत असेल म्हणून नेपाळात गेले, पण तिथे निराशाच पदरी आली. बुद्धगयेला त्यांना कळलं की पाली शिकायची तर सिलोनला, म्हणजे आताच्या श्रीलंकेला, जायला पाहिजे. १९०२ साली ते कोलंबोच्या विद्योदय परिवेणात पोचले. तिथे श्रामणेर झाले आणि पाली शिकले. पुढे ब्रह्मदेशात भिक्खू म्हणून उपसंपदा घेतली.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. धर्मानंद घरातून निघाले तेव्हा बालाबाईंच्या पदरात तान्ही मुलगी होती. नवरा देशोदेशी हिंडत होता आणि ही बाई मागे लेकरू सांभाळत वर्षानुवर्षं वाट पाहत होती. थोरामोठ्यांच्या चरित्रात अशा बायांचं नाव एका ओळीत उरकतात. ज्या घरातला एक माणूस स्वप्नामागे जातो, त्या घरात दुसरं कोणीतरी त्याच्या वाटचं ओझं उचलत असतं. ते ओझं हिशोबात धरायला पाहिजे. धर्मानंद १९०६ साली चीवर उतरवून संसारात परत आले आणि बालाबाईंना घेऊन कलकत्त्याला गेले. तिथल्या विद्यापीठात ते पाली शिकवू लागले.

कलकत्त्यात पगार चांगला होता, मान होता. पण आपली विद्या आपल्या मराठी माणसांच्या उपयोगी पडावी ही तळमळ काही जाईना. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड महाराज महिना ५० रुपये द्यायला तयार झाले. अट एवढीच की महाराष्ट्रात राहून काम करायचं. धर्मानंदांनी कलकत्त्याची नोकरी सोडली आणि ५० रुपयांवर आले. आपण त्या जागी असतो तर काय केलं असतं, याचा ज्याने त्याने विचार करावा.

१९१० साली ते अमेरिकेला हार्वर्ड विद्यापीठात गेले. ज्याने इंग्रजी शाळा पाहिली नाही तो माणूस तिशी उलटल्यावर सातासमुद्रापलीकडे पंडितांच्या मांडीला मांडी लावून बसला! तिथे काम होतं आचार्य बुद्धघोषांच्या विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथाची शुद्ध प्रत तयार करण्याचं. वॉरन नावाच्या अमेरिकन पंडिताने ते सुरू केलं होतं, पण ते अर्धवट टाकून तो वारला होता. तिथल्या प्राध्यापक लानमनशी धर्मानंदांचे मतभेद झाले आणि १९१२ साली ते परत आले. पुढे १९१८ पर्यंत पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. पु. वि. बापटांसारखे विद्वान त्यांच्या हाताखाली तयार झाले. १९१८ साली त्यांनी पुन्हा हार्वर्ड गाठलं, यावेळी मुलगी माणिक आणि मुलगा दामोदर यांना बरोबर घेऊन. हा दामोदर पुढे गणितज्ञ आणि इतिहासकार डी. डी. कोसंबी म्हणून जगाला माहीत झाला.

१९२२ साली परत आले तेव्हा वय पंचेचाळीस. आता तरी एका जागी बसावं? तर ते अहमदाबादला गुजरात विद्यापीठात शिकवायला गेले. त्यानंतर पुन्हा हार्वर्ड. १९२९ साली बावन्नाव्या वर्षी रशियात लेनिनग्राडला बौद्ध विद्या शिकवायला. १९३० साली परत येऊन मिठाच्या सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. पन्नाशीनंतर प्रोफेसर माणूस तुरुंगाची भाकर खायला तयार होतो, ही साधी गोष्ट नव्हे.

आता आपल्या जिव्हाळ्याचा भाग. १९३७ साली, साठ वर्षांचे धर्मानंद मुंबईला परळला आले आणि तिथे त्यांनी बहुजन विहार उभा केला. त्यासाठी बिर्लांची देणगी मिळाली. परळ म्हणजे तेव्हा गिरण्यांचा मुलूख. भोंगा, चाळ, तीन पाळ्या. ज्याला हार्वर्ड मोकळं होतं त्याने विहारासाठी कामगारांची वस्ती निवडली. विहाराचं नावच बहुजन! विद्या पंडितांच्या कपाटात ठेवायची नसते, घामाने भिजलेल्या माणसापर्यंत न्यायची असते, हे त्यांनी करून दाखवलं. काही वर्षांनी ते तिथून निघाले, पण लिहिणं थांबलं नाही. १९४० च्या सुमाराला त्यांचा भगवान बुद्ध हा मराठी ग्रंथ आला. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थांनी घर सोडलं ही कथा त्यांनी त्यात तपासून बाजूला ठेवली. माणसामाणसांतल्या शस्त्रांच्या भांडणांचा उबग हे गृहत्यागाचं कारण त्यांनी पाली सुत्तांतून दाखवलं. शाक्य-कोलियांच्या रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा आपण बाबासाहेबांच्या बुद्ध आणि त्यांचा धम्म मध्ये वाचतो. दोघांचंही सांगणं एकच, की डोळे मिटून कथा मानू नका.

४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला धर्मानंद गेले. शरीर थकल्यावर त्यांनी अन्न सोडून देह ठेवला. उतारवयात पार्श्वनाथांच्या विचाराचा त्यांच्यावर प्रभाव होता. तथागतांनी देहदंड नाकारला आहे, त्यामुळे त्यांची ही एक गोष्ट आपण घेऊ नये असं माझं मत आहे. हार्वर्डचा विसुद्धिमग्ग १९५० साली छापून आला. १९१० साली हातात घेतलेलं काम, मधे भांडण झालं, देश बदलले, नोकऱ्या गेल्या, तरी त्यांनी ते सोडलं नव्हतं.

सांगायचा मुद्दा असा. धर्मानंदांनी गावं बदलली, पेशा बदलला, पण धागा एकच धरला. नव्याने सुरुवात करायची म्हणजे मागचं सगळं पुसायचं असं नाही. मागचं शिकलेलं घेऊनच नवी वाट धरायची असते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तेव्हा चाळिशी-पन्नाशीतले किती कामगार भाजीच्या गाडीवर, वॉचमनच्या खुर्चीवर बसले! त्यांनी सुरुवात पुन्हा केलीच, पोटासाठी केली. पण मनातलं शिकायचं राहून गेलं होतं, ते तसंच राहिलं. बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा त्यांचं वय पासष्ट होतं. मग आपल्याला पन्नाशीत पालीची चार सुत्तं शिकायला, राहिलेली दहावी द्यायला, आपल्या बायकोला वाचायला शिकवायला वयाची अडचण का वाटावी? घरातल्या बाईने शिकायचं ठरवलं तर चूल आपण सांभाळावी. बालाबाईंचं ऋण तेवढ्यानेच थोडंफार फिटेल.

विहार आपला आहे, दिवा आहे, सतरंजी आहे. संध्याकाळी पुस्तक घेऊन येऊन बसावं, एवढंच माझं मागणं.

नमो बुद्धाय! जय भीम!