गंगासिंग (किल्लेदार)

गंगासिंग (मृत्यू : मे १८१८, चांदा) हे नागपूरकर भोसल्यांचे चांदा येथील किल्लेदार होते. चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर. आजचा गडचिरोली जिल्हाही १९८२ पर्यंत चांदा जिल्ह्यातच मोडत असे. तोफांच्या माऱ्याने तट फुटल्यानंतरही त्यांनी किल्ला सोडला नाही.

पार्श्वभूमी

गोंड राजांनी बांधलेला चांद्याचा दगडी परकोट सुमारे ११ किलोमीटर लांबीचा असून त्यास जटपुरा, बिनबा, पठाणपुरा व अंचलेश्वर अशा चार वेशी आणि पाच खिडक्या आहेत. अठराव्या शतकाच्या मध्यास तो भोसल्यांकडे आला. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत आप्पासाहेब भोसल्यांचा पराभव झाला. पुढे इंग्रजांच्या हातून निसटून चांद्यास आश्रय घेण्याचा त्यांचा बेत होता, परंतु त्यापूर्वीच ते कैद झाले. दुसरे बाजीराव पेशवेही चांद्याच्याच रोखाने येत होते. १७ एप्रिल १८१८ रोजी शिवणी येथे कर्नल अ‍ॅडम्सने त्यांचा मोड केला आणि आपली फौज चांद्याकडे वळवली. ज्यांच्यासाठी किल्ला राखायचा, त्यांपैकी कोणीच आता तेथे पोहोचणार नव्हते.

वेढा व मृत्यू

मे महिन्यात वेढा पडला. परकोटाचा प्रचंड घेर हे चांद्याचे भूषण खरे, पण शिबंदीला तोच भारी पडला असावा, कारण एवढ्या लांबीवर माणसे व तोफा विरळ पसराव्या लागतात. वेढा घालणाऱ्यास मात्र एकच जागा निवडून मारा करता येतो. जड तोफांचे भरीव गोळे तटाच्या एकाच भागावर वारंवार आदळले की चिऱ्यांचे सांधे सुटतात, वरचे बांधकाम आधार गमावून कोसळते आणि त्याच दगडमातीचा ढिगारा हल्लेखोरांना चढायला उतार होतो. चांद्यासही असेच खिंडार पडले. २० मे रोजी सकाळी इंग्रजी फौज त्यातून आत शिरली. शहरात हातघाईची लढाई होऊन शिबंदीचे शेकडो लोक पडले. गंगासिंगही त्यात मारले गेले.

नंतरचा काळ

१८३० पर्यंत चांद्याचा कारभार इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली चालला. तिसऱ्या रघुजींच्या मृत्यूनंतर (१८५३) नागपूरचे राज्यच खालसा झाले. परकोट आजही बऱ्याच अंशी उभा आहे. त्यावर वाढलेली झाडेझुडपे काढण्याचे काम २०१७ पासून चंद्रपुरातील स्वयंसेवकांनी हाती घेतले.