हरणाऱ्या संघाचा जिंकणारा खेळ

विशेष प्रतिनिधी

कोट्यवधी क्रीडाप्रेमींना वेड लावणाऱ्या ‘फॅंटसी फुटबॉल’चे जनक बिल विंकेनबाख हे ना खेळाडू होते, ना प्रशिक्षक. एका सतत हरणाऱ्या संघाचे ते लहानसे भागीदार होते. नशिबाचा वाटा किती आणि कौशल्याचा किती, या वादावर त्यांनी मैत्रीचा उतारा शोधला. त्यांच्या आयुष्याचा हा मागोवा.

अमेरिकेत सप्टेंबर महिना उजाडला की घराघरांत, कचेऱ्यांत आणि बारमध्ये एका वेगळ्याच लिलावाची लगबग सुरू होते. मित्रमंडळी एकत्र जमतात, आळीपाळीने व्यावसायिक फुटबॉलपटूंची निवड करतात आणि प्रत्येक जण आपापला कागदी संघ बांधतो. प्रत्यक्ष सामन्यांत त्या खेळाडूंनी केलेल्या कामगिरीवर या कागदी संघांचे गुण ठरतात. मोसम संपेपर्यंत सोमवारची सकाळ याच हिशेबात जाते. या खेळाचा उगम ज्यांच्या कल्पनेतून झाला, त्या विल्फ्रेड ऊर्फ बिल विंकेनबाख यांचे १९९३ साली निधन झाले. इंटरनेटने त्यांच्या खेळाचे रूप कसे पालटले, हे पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडे कोलकाता, केरळ वा गोव्यात खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. अमेरिकन फुटबॉलचा चेंडू लंबगोल असतो. तो हातात घेऊन धावतात, हाताने लांबवर फेकतात. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम क्षेत्रात नेला की ‘टचडाउन’ होते आणि संघाला सहा गुण मिळतात. लाथ मारून तो खांबांमधून पार केला, तर ‘फील्ड गोल’चे तीन गुण. जमिनीवर आपटल्यावर हा चेंडू कोणत्या दिशेला उसळेल, याचा भरवसा कुणीच देऊ शकत नाही. नशीब या खेळाच्या चेंडूतच भरलेले आहे, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

टाइल्सचा व्यापारी

विंकेनबाख हे कॅलिफोर्नियातील ओकलंड शहराचे रहिवासी. सिरॅमिक टाइल्सचा व्यवसाय हे त्यांच्या उपजीविकेचे साधन. परंतु जीव रमे तो खेळांत आणि आकडेमोडीत. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धातच त्यांनी गोल्फसाठी एक खेळ तयार केला होता. मित्रांनी प्रत्येकी काही व्यावसायिक गोल्फपटू निवडायचे आणि स्पर्धेअखेर ज्याच्या खेळाडूंनी मिळून सर्वांत कमी फटके मारले असतील, तो विजयी. बेसबॉलसाठीही त्यांनी असाच प्रयोग केला होता. दुसऱ्याच्या पराक्रमावर आपली पैज लावणे ही जुगाराची रीत जुनीच आहे. विंकेनबाख यांनी त्यात निवडीची जबाबदारी घातली. कोणता खेळाडू घ्यायचा, कोणता सोडायचा, याचे उत्तर ज्याचे त्याने द्यायचे होते.

१९६० साली प्रस्थापित नॅशनल फुटबॉल लीगला आव्हान देत अमेरिकन फुटबॉल लीग ही नवी संघटना उभी राहिली. तिच्यातील ओकलंड रेडर्स या संघात विंकेनबाख यांनी भागीदारी घेतली. संघाची अवस्था मात्र केविलवाणी होती. स्वतःचे मैदान नसल्याने पहिले दोन मोसम घरचे सामनेदेखील शेजारच्या सॅन फ्रान्सिस्कोत खेळावे लागले. १९६१ मध्ये १४ पैकी दोनच सामने जिंकता आले. १९६२ मध्ये तर पहिले तेराही सामने हातचे गेले आणि चौदाव्या, अखेरच्या सामन्यात बॉस्टनला हरवून संघाने कशीबशी लाज राखली. आधीच्या मोसमातील पराभव धरले, तर ही सलग १९ पराभवांची मालिका होती. अशा संघाची तिकिटे कोण घेणार, हा भागीदारांपुढचा रोजचा प्रश्न होता.

न्यूयॉर्कमधील ती रात्र

याच दुर्दैवी मोसमात रेडर्सचा संघ पूर्व किनाऱ्याच्या दौऱ्यावर निघाला. बफेलो, बॉस्टन आणि न्यूयॉर्क येथे लागोपाठ सामने होते. संघ हजारो मैल दूर आलेला, परत जाऊन पुन्हा येणे खर्चिक. त्यामुळे सारा मुक्काम पूर्वेलाच पडला. तिन्ही सामने रेडर्स हरले.

या दौऱ्यात न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरजवळील मॅनहॅटन हॉटेलात एका पावसाळी रात्री तिघे जण गप्पा मारत बसले होते. विंकेनबाख, संघाचे प्रसिद्धी अधिकारी बिल टनेल आणि ‘ओकलंड ट्रिब्यून’ या दैनिकाचे वार्ताहर स्कॉटी स्टर्लिंग. विंकेनबाख यांनी आपल्या गोल्फच्या खेळाची कल्पना फुटबॉलला लावून पाहण्याचा विषय काढला आणि त्या बैठकीतच नियमांचा कच्चा आराखडा कागदावर उतरला. ओकलंडला परतल्यावर ‘ट्रिब्यून’चे क्रीडा संपादक जॉर्ज रॉस यांच्या मदतीने त्यावर शेवटचा हात फिरवण्यात आला.

या चौकडीतील दोघे पत्रकार होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. तेव्हा ना संगणक होता, ना दूरचित्रवाणीवर सर्व सामन्यांचे प्रक्षेपण. कोणत्या खेळाडूने किती टचडाउन केले, हे कळण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रातील बारीक टायपातील आकडे. नव्या खेळाचा पायाच मुळी वृत्तपत्राच्या क्रीडापानावर उभा होता.

तळघरातील लिलाव

या मंडळाला विंकेनबाख यांनी भलेमोठे, भारदस्त नाव दिले. त्याचा मथितार्थ ‘बृहत् ओकलंड व्यावसायिक फुटबॉल भविष्यवेत्त्यांची लीग’ असा. आद्याक्षरे जुळवून तिला ‘जीओपीपीपीएल’ म्हटले जाई. नावातील थट्टा उघडच होती. भविष्य सांगण्याचा आव आणणाऱ्या माणसांचे भविष्य दर रविवारी खोटे ठरणार, हे संस्थापकांना पुरेपूर ठाऊक होते.

सभासदत्वाचे नियम मात्र गांभीर्याने आखलेले होते. सभासद अमेरिकन फुटबॉल लीगच्या प्रशासनाशी संबंधित असावा, किंवा पत्रकार म्हणून व्यावसायिक फुटबॉलशी निगडित असावा, नाहीतर त्याने रेडर्सच्या १९६३च्या मोसमाची दहा तिकिटे तरी विकत घेतलेली वा विकलेली असावीत. या शेवटच्या अटीत विंकेनबाख यांच्यातला व्यापारी दिसतो. त्याचबरोबर हरणाऱ्या संघाची साथ न सोडणाऱ्यांनाच या बैठकीत स्थान, असा एक अलिखित संकेतही त्यात होता.

ऑगस्ट १९६३ मध्ये विंकेनबाख यांच्या ओकलंडमधील घराच्या तळघरात पहिली निवड बैठक झाली. आठ संघ, आणि प्रत्येकाने वीस खेळाडू निवडायचे. दोन क्वार्टरबॅक, चार हाफबॅक, दोन फुलबॅक, चार एंड, दोन किक परतवणारे, दोन फील्ड गोल मारणारे आणि बचावफळीतील चौघे असा तो हिशेब होता. दोन्ही प्रतिस्पर्धी लीगमधील खेळाडू निवडण्याची मुभा होती. खऱ्या मैदानावर एकमेकांसमोर कधीच न येणारे खेळाडू विंकेनबाख यांच्या तळघरात प्रथमच एका संघात आले. या लीगचे आयुक्तपद अर्थातच यजमानांकडे होते.

ब्लॅंडा की ब्राउन?

पहिल्या निवडीचा मान स्टर्लिंग यांच्या संघाकडे आला. त्यांचे सहकारी अँडी मूसालिमास यांनी ह्यूस्टन ऑयलर्सच्या जॉर्ज ब्लॅंडा याचे नाव पुकारले आणि फॅंटसी फुटबॉलच्या इतिहासातील पहिली नोंद झाली. समोर क्लीव्हलंड ब्राउन्सचा जिम ब्राउन उपलब्ध होता. धावत चेंडू नेण्यात त्याची बरोबरी करणारा त्या काळी दुसरा कुणी नव्हता.

ही निवड अडाणीपणाची मुळीच नव्हती. ब्लॅंडा चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक तर होताच, शिवाय फील्ड गोलही तोच मारत असे. म्हणजे एकाच खेळाडूकडून दुहेरी कमाई. १९६१ मध्ये त्याने टचडाउनच्या ३६ फेकी करून विक्रम केला होता. मात्र त्याच ब्लॅंडाने १९६२ मध्ये ४२ वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती दिला होता आणि तो नकोसा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. या दोन मोसमांपैकी खरा ब्लॅंडा कोणता, हे ऑगस्टमध्ये कसे ठरवावे? इकडे जिम ब्राउनने १९६३च्या मोसमात १८६३ यार्डांची धाव घेत तोवरचे सारे उच्चांक मागे टाकले. मूसालिमास यांना त्या निवडीची हळहळ पुढे बराच काळ वाटत राहिली.

या एका प्रसंगात विंकेनबाख यांच्या खेळाचे मर्म आहे. अभ्यास करणाऱ्याला येथे फायदा होतो, पण अभ्यासाला नशिबाची साथ लागतेच. गुडघा कधी दुखावेल, वादळी वाऱ्यात फेक कुठे भरकटेल, हे कोणत्याही आकड्यात लिहिलेले नसते. दैवाची गंमत अशी, की हाच ब्लॅंडा १९६७ मध्ये रेडर्सच्या संघात आला आणि १९७० मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी, लागोपाठच्या सामन्यांत अखेरच्या क्षणी संघाला तारून ओकलंडचा लाडका ठरला.

लाकडी डोक्याचा मान

सट्टा होता, पण नावापुरता. टचडाउनसारख्या कामगिरीला डॉलरचा अंश मोजायचा आणि मोसमाअखेर हिशेब मिटवायचा. खरी भीती होती ती शेवटच्या क्रमांकाची. तळाला राहणाऱ्याला विंकेनबाख यांच्याकडून एक चषक मिळे. चेंडूच्या आकाराचा लाकडी चेहरा आणि त्यावर मठ्ठ विद्यार्थ्याच्या डोक्यावर घालतात तशी टोपी. हे ध्यान वर्षभर दिवाणखान्यात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असे मांडून ठेवणे बंधनकारक होते.

वरकरणी हा पोरखेळ वाटेल. परंतु जिंकणाऱ्याने कौशल्याची फुशारकी मारावी आणि हरणाऱ्याने नशिबाला बोल लावावा, ही माणसाची जुनी खोड आहे. त्या लाकडी डोक्याने दोघांचीही तोंडे बंद केली. हरणाऱ्याला हसून घेण्याची सवय लागली आणि यंदा हसणाऱ्याला पुढल्या वर्षीची धास्ती राहिली. पराभवाची किंमत पैशात मोजली असती, तर आठ जणांची ही बैठक दोन-तीन वर्षांत मोडली असती. ती थट्टेत मोजली गेल्याने मोडली नाही. ज्या गावाचा संघ तेरा सामने ओळीने हरला, तेथील माणसांना पराभव पचवण्याचे शिक्षण वेगळे द्यावे लागले नसावे!

तळघरातून जगभर

१९६३ हेच वर्ष रेडर्सच्या भाग्योदयाचेही ठरले. अल डेव्हिस प्रशिक्षक म्हणून आले आणि संघाने १४ पैकी दहा सामने जिंकले. स्टर्लिंग पुढे पत्रकारिता सोडून याच संघाचे सरव्यवस्थापक झाले. कागदावर संघ बांधणारा माणूस खराखुरा संघ बांधू लागला.

खेळाचा प्रसार केला तो मात्र मूसालिमास यांनी. ओकलंडमध्ये त्यांचा ‘किंग्ज एक्स’ नावाचा बार होता. १९६०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी तेथे सर्वांसाठी अशी लीग सुरू केली. तळघरातील निवडक मंडळींचा खेळ सामान्य गिऱ्हाइकांच्या हाती आला. केवळ टचडाउन न मोजता खेळाडूने कापलेल्या अंतरालाही गुण देण्याची पद्धत तेथे रुजली. एका टचडाउनवर सारे अवलंबून असेल, तर नशिबाचा वाटा वाढतो. अंतर मोजले, की खेळाडूची खरी कुवत अधिक दिसते. नशीब आणि कौशल्य यांच्या तराजूत केलेला हा पहिला मोठा फेरफार होय. १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या एका रेस्तराँमध्ये डॅनियल ओक्रेंट आणि त्यांच्या मित्रांनी बेसबॉलची ‘रोटिसरी लीग’ सुरू केली. ती वेगळ्या वाटेने आली असली, तरी अशा खेळांना देशभर प्रसिद्धी मिळाली ती तिच्यामुळे. १९९०च्या दशकात इंटरनेट आले आणि आकडेमोडीचे कष्टच संपले.

विंकेनबाख यांनी या खेळातून संपत्ती उभी केली नाही. त्यांच्या अखेरच्या काळात रेडर्सचा संघदेखील ओकलंडमध्ये नव्हता. १९८२ मध्ये तो लॉस एंजलिसला गेला होता. १९९५ मध्ये तो परतला, तेव्हा विंकेनबाख हयात नव्हते. २०२० पासून तर तो लास व्हेगासचा झाला आहे.

वाद आजही तोच

मागे राहिला तो मूळचा प्रश्न. हा खेळ कौशल्याचा की नशिबाचा? सट्ट्याची रक्कम चिल्लर होती, तोवर त्याचे उत्तर कुणालाच नको होते. कोट्यवधींची उलाढाल सुरू झाल्यावर ते न्यायालयांना द्यावे लागले. जेथे विंकेनबाख यांनी नियम लिहिले, त्या न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत हा वाद गेला आणि २०२२ मध्ये निकाल कौशल्याच्या बाजूने लागला. भारतात क्रिकेटच्या निमित्ताने हेच घडले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अशा खेळात कौशल्य प्रधान असल्याचे मान्य केले होते. तथापि, २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि कौशल्य की नशीब हा भेदच त्यापुरता निकालात काढला. कर्जबाजारी झालेल्या कुटुंबांच्या व्यथा हे त्यामागचे एक कारण होते.

अनोळखी लाखो लोकांविरुद्ध एकट्याने मोबाइलवर खेळताना हरणाऱ्याची थट्टा करायला शेजारी कुणी नसते, त्याला आवरायलाही कुणी नसते. विंकेनबाख यांच्या तळघरात दोन्हीची सोय होती. अमेरिकेत आजही असंख्य मित्रमंडळे शेवटच्या क्रमांकासाठी आपापली गमतीची शिक्षा ठरवतात, ती न चुकता अमलात आणतात आणि पुढल्या सप्टेंबरात पुन्हा एकत्र जमतात. त्यांतील अनेकांना विंकेनबाख हे नावही ठाऊक नसेल, पण ओकलंडच्या त्या टाइल्सच्या व्यापाऱ्याचा वारसा तेच चालवत आहेत.