इंजिनाच्या श्वासाचा शिल्पकार

मोटारीच्या इतिहासात गाडीच्या नावाने अमर झालेली माणसे अनेक आहेत; पण गाडीच्या एका सुट्या भागाला आपले नाव देऊन जगभर पोहोचलेली माणसे थोडी. इटालियन अभियंते एडोआर्डो वेबर हे त्यांपैकी एक. जुन्या स्पोर्ट्स मोटारीचे बॉनेट उघडल्यावर कार्ब्युरेटरच्या तोंडावर ओळीने बसवलेले चकचकीत कर्णे दिसतात. त्यांच्या खालच्या धातूच्या ठोकळ्यावर बहुधा याच माणसाचे नाव कोरलेले असते.

वेबर यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८८९ रोजी तुरिन येथे झाला. वडील स्विस, आई इटालियन. तुरिन हे फियाटचे गाव. साहजिकच वेबर यांच्या उमेदवारीचा प्रारंभ १९१४ च्या सुमारास फियाटमध्ये झाला आणि पुढे कामानिमित्त ते बोलोन्या शहरात आले. हेच शहर त्यांची कर्मभूमी ठरले.

पहिल्या महायुद्धानंतर इटलीत पेट्रोल महागले होते. मालमोटारी चालवणे व्यापाऱ्यांना परवडेनासे झाले. वेबर यांनी या अडचणीतच संधी पाहिली. पेट्रोलऐवजी रॉकेलवर मालमोटार चालावी यासाठी लागणारी जोडसामग्री तयार करून त्यांनी विकली आणि तिला चांगली मागणी आली. इंधनाचा थेंब न् थेंब कामी आला पाहिजे, हा विचार त्यांच्या मनात रुजला तो तेव्हापासून. १९२३ मध्ये त्यांनी बोलोन्यात कार्ब्युरेटरचा स्वतःचा कारखाना उभारला.

काटकसरीतून वेगाकडे

कार्ब्युरेटरचे काम सांगायला सोपे आणि साधायला अवघड. इंजिनात ओढल्या जाणाऱ्या हवेला अरुंद गळ्यातून जावे लागते. तिथे तिचा वेग वाढतो, दाब घटतो आणि त्या कमी दाबामुळे जेटमधून पेट्रोल वर खेचले जाऊन हवेत मिसळते. गळा लहान असेल तर गाडी मंद वेगात सुरळीत चालते, पण जोरात पळवताना हवा अपुरी पडते; मोठा असेल तर नेमके उलटे घडते. वेबर यांनी एकाच कार्ब्युरेटरमध्ये लहान आणि मोठा असे दोन गळे दिले. नेहमीच्या चालीसाठी लहान, वेगाची गरज पडली की मोठाही उघडावा, अशी ही योजना होती. काटकसर आणि ताकद यांचा मेळ त्यामुळे बसला.

१९३० च्या दशकात त्यांनी शर्यतीच्या मोटारींसाठी दोन समान गळ्यांचे कार्ब्युरेटर बनवले. प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा स्वतंत्र गळा मिळावा, ही त्यामागील कल्पना. अल्फा रोमिओ आणि मासेराती यांच्या शर्यतीच्या मोटारींवर वेबर यांचे कार्ब्युरेटर दिसू लागले.

कर्ण्याचे गणित

स्वतंत्र गळ्यांच्या या रचनेतच कर्ण्यांचे महत्त्व दडलेले आहे. सपाट कापलेल्या नळीच्या काठावर आत शिरणाऱ्या हवेत भोवरे उठतात. कर्ण्याच्या गोलाकार ओठावरून ती अलगद आत उतरते. शिवाय सिलिंडर हवा झटक्याझटक्याने ओढतो. झडप मिटली की दाबाची लाट नळीतून मागे फिरते आणि तोंडापाशी जाऊन परत येते. ती नेमक्या क्षणी परतली तर सिलिंडरमध्ये जादा हवा भरते. म्हणूनच लांब कर्णा कमी व मध्यम फेऱ्यांना साथ देतो, तर आखूड कर्णा वरच्या फेऱ्यांना. मागे फिरणाऱ्या हवेबरोबर पेट्रोलचे तुषारही तोंडाबाहेर येतात. पुरेशा लांबीचा कर्णा त्यांना आत धरून ठेवतो. गावात आणि घाटात फिरणाऱ्या गाडीला शर्यतीच्या गाडीचे आखूड कर्णे लावण्यात त्यामुळे शहाणपण नाही.

खरा पेच फिल्टरचा असतो. उघडे कर्णे देखणे दिसतात, पण रस्त्यावरची धूळ सिलिंडर आणि रिंगा घासून काढते. शर्यतीचे इंजिन वरचेवर उघडले जाते; हौशी माणसाच्या इंजिनाला अनेक वर्षे टिकायचे असते. त्यामुळे रस्त्यावरच्या गाडीला फिल्टर हवाच. मात्र तो पुरेशा क्षेत्रफळाचा असावा आणि कर्ण्याचे तोंड व फिल्टरची भिंत यांत मोकळी जागा राहावी. प्रत्येक कर्ण्यावर चढवलेल्या तंग पिशवीपेक्षा सर्व कर्ण्यांना सामावून घेणारी प्रशस्त पेटी केव्हाही बरी. फिल्टरच्या पाठीमागच्या पत्र्याने कार्ब्युरेटरमधील पेट्रोलच्या कप्प्याचे हवेचे छिद्र झाकले, तर मिश्रणाचे प्रमाण बिघडते. फिल्टर बदलल्यावर जेट पुन्हा तपासून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

अज्ञात शेवट

वेबर यांच्या आयुष्याची अखेर मात्र काळोखात हरवली. २१ एप्रिल १९४५ रोजी बोलोन्या मुक्त झाले आणि पाठोपाठ फॅसिस्ट राजवटीच्या काळातील हिशेब चुकते करण्याचे सत्र सुरू झाले. कारखानदारही त्यातून सुटले नाहीत. १७ मे १९४५ रोजी वेबर बेपत्ता झाले. त्यांचे अपहरण करून हत्या झाली, असे मानले जाते. मृतदेह कधीच मिळाला नाही. त्या वेळी त्यांचे वय अवघे ५५ होते.

कारखाना मात्र थांबला नाही. १९५२ मध्ये तो फियाटच्या ताब्यात गेला आणि वेबर नावाचा सुवर्णकाळ त्यानंतर आला. फेरारीच्या बारा सिलिंडरच्या २५० टेस्टा रोसा आणि २५० जीटीओ या मोटारींवर दोन गळ्यांचे सहा वेबर कार्ब्युरेटर, म्हणजे बारा सिलिंडरना बारा गळे होते. इंग्लंडच्या लोटस कोर्टिनावरही वेबरचीच जोडी बसली. पुढे इलेक्ट्रॉनिक इंधन पुरवठा आला, कार्ब्युरेटर मागे पडला आणि १९९२ मध्ये बोलोन्यातील उत्पादन स्पेनला हलले.

ज्या माणसाची समाधी कुठेही नाही, त्याचे नाव आजही जुन्या मोटारींच्या बॉनेटखाली वाचायला मिळते. महागड्या पेट्रोलवर उपाय शोधता शोधता त्याने इंजिनाला मोकळा श्वास घ्यायला शिकवले. त्या श्वासाला योग्य कर्णा आणि स्वच्छ हवा मिळवून देणे, हे आता त्या मोटारी सांभाळणाऱ्यांच्या हाती आहे.