निराधार अर्भकांसाठी घरे मागणारी धर्मभगिनी
सिस्टर आयरीन फिट्झगिबन ह्यांचे संक्षिप्त चरित्र

संत विन्सेंट द पॉल ह्यांची तसबीर पाहिली नाही असा कॅथलिक मनुष्य आपल्यात विरळाच. अंगात काळा झगा, मुद्रेवर वात्सल्य आणि कवेत एक तान्हे मूल, अशा रूपात हे संत आपल्या देवळांतून व घरांतून आपल्याकडे पाहत असतात. पॅरिस शहरात रस्त्यावर टाकून दिलेल्या अर्भकांचा भार त्यांनी व त्यांच्या साह्यकारी स्त्रियांनी १६३८ साली आपल्या शिरावर घेतला, आणि संत लुईज द मारियाक ह्यांच्या देखरेखीखाली त्यांपैकी पुष्कळ मुले खेड्यापाड्यांतील दायांच्या घरी वाढावयास ठेविली, हे बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु ह्याच संताच्या नियमांस अनुसरून चालणाऱ्या एका धर्मभगिनीने सुमारे सव्वादोनशे वर्षांनंतर, महासागरापलीकडे न्यूयॉर्क शहरात तेच कार्य अधिक मोठ्या प्रमाणावर उभे केले, ही गोष्ट आपणांकडे फारशी परिचित नाही. एके काळी त्या शहरातील श्रीमंतास व भिकाऱ्यास सारखेच माहीत असलेले ते नाव म्हणजे सिस्टर आयरीन हे होय.

त्यांचे बाप्तिस्म्याचे नाव कॅथरीन फिट्झगिबन. त्यांचा जन्म १८२३ सालच्या मे महिन्यात लंडन शहरी झाला. त्या लहान असतानाच आईबापांनी अमेरिकेची वाट धरली व हे कुटुंब ब्रुकलिन येथे स्थायिक झाले. तेथील सेंट जेम्स धर्मग्रामाच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. १८५० साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी ‘सिस्टर्स ऑफ चॅरिटी’ ह्या संघाच्या माउंट सेंट व्हिन्सेंट येथील मठात प्रवेश केला व मेरी आयरीन हे नाव धारण केले. हा संघ १८०९ साली संत एलिझाबेथ सीटन ह्यांनी स्थापिलेल्या परिवारातील असून, त्याचे नियम संत विन्सेंट व संत लुईज ह्यांच्या नियमांवरून घेतलेले होते. पुढे जवळजवळ वीस वर्षे सिस्टर आयरीन ह्यांनी शहरातील शाळांतून अध्यापन केले. त्या सेंट पीटर्स येथे असताना जे दृश्य वारंवार पाहण्यात येऊ लागले, त्याने त्यांच्या आयुष्याचा ओघ बदलला.

त्या काळी न्यूयॉर्क बंदरात आयर्लंडमधील दुष्काळाने देशोधडीस लागलेली हजारो माणसे उतरत होती. १८६१ ते १८६५ पर्यंतच्या यादवी युद्धाने कित्येक स्त्रिया विधवा झाल्या. कित्येक मोलकरणी फसविल्या जाऊन निराधार झाल्या. अशा दुर्दैवी मातांची मुले रात्रीच्या अंधारात दारोदार ठेविली जात, आणि पहाटे मठाचे दार उघडणाऱ्या सिस्टरांस उंबऱ्यावर कधी गाठोड्यात गुंडाळलेला जिवंत जीव, तर कधी थंडीने गारठून गेलेले शव दिसे. जी मुले पोलिसांच्या हाती लागत, ती नदीतील ब्लॅकवेल्स बेटावरील सरकारी अन्नछत्रात पोहोचविली जात व तेथील दरिद्री स्त्रियांच्या स्वाधीन होत. बाटलीच्या दुधाची स्वच्छता राखण्याची विद्या तेव्हा कोणासच अवगत नव्हती, त्यामुळे त्या बेटावर गेलेली बहुतेक मुले वर्ष पुरे होण्याच्या आत मृत्यू पावत.

हे दुःख सिस्टर आयरीन ह्यांनी आपल्या मठाधिकारी मदर जेरोम ह्यांच्या कानी घातले. त्यांची व आर्चबिशप मक्लॉस्की ह्यांची संमती मिळताच इतर शहरांतील बालकाश्रम पाहून येणे व धर्मादाय बाया जमविणे ही पूर्वतयारी झाली. १८६९ सालच्या ऑक्टोबर महिन्यात पूर्व बाराव्या रस्त्यावरील सतरा क्रमांकाचे घर भाड्याने घेण्यात आले. सिस्टर आयरीन ह्यांच्या सोबतीस आणखी दोन सिस्टर होत्या, व जवळ शिल्लक होती ती पाच डॉलर! दरवाजाच्या आतील ओटीवर एक पाळणा मांडण्यात आला, जेणेकरून कोणाही मातेस आपले नाव न सांगता मूल तेथे ठेवून जाता यावे. ऑक्टोबरच्या ११ तारखेच्या रात्री, घर नीट लागण्यापूर्वीच, पहिले मूल आले. त्या एका महिन्यात आणखी पंचेचाळीस आली. दोन वर्षांच्या आत आलेल्या मुलांची संख्या अडीच हजारांच्या घरात पोहोचली.

आता येथे वाचकांनी क्षणभर विचार करावा. एका लहान घरात तीन सिस्टर, आणि दररोज एक-दोन नवी अर्भके. दुसऱ्या कोणी पुढाऱ्याने अशा वेळी मोठी इमारत बांधण्याकडेच सर्व लक्ष लाविले असते. सिस्टर आयरीन ह्यांनीही इमारत बांधिली, परंतु त्यांच्या ध्यानी एक गोष्ट पहिल्या महिन्यातच आली होती. पाळणाघर कितीही प्रशस्त असले तरी त्यातील शंभर पाळणे म्हणजे शंभर घरे नव्हेत. तान्ह्या मुलास आईचे दूध हवे, मांडी हवी, रडले असता त्याचाच आवाज ओळखणारे कोणी हवे. म्हणून आश्रम उघडून महिना उलटतो न उलटतो तोच त्यांनी शेजारपाजारच्या गरीब परंतु सच्छील स्त्रियांस घरी मूल सांभाळण्याची विनंती करण्यास आरंभ केला.

ही व्यवस्था कशी चाले हे समजून घेण्याजोगे आहे. जिचे स्वतःचे मूल नुकतेच गेले आहे किंवा दूध सोडण्याजोगे झाले आहे, अशा स्त्रीस आश्रमातील एक अर्भक देण्यात येई व त्याबद्दल दरमहा ठराविक वेतन मिळे. महिन्यातून एकदा ती मूल घेऊन आश्रमात येई, तेथे मुलाची तपासणी होई आणि मगच वेतन हाती पडे. मूल खंगलेले किंवा अस्वच्छ आढळल्यास ते परत घेतले जाई. ज्यांच्या घरी स्वतःचीच चूल कष्टाने पेटत होती अशा मजुरांच्या बायांनी ही मुले वाढविली, व त्यांतील कित्येकींनी पुढे ती परत देण्याचे नाकारून आपलीच करून घेतली.

शिवाय, मूल सोडून जाणाऱ्या मातेसही सिस्टर आयरीन ह्यांनी आपले मानिले. तिने काही महिने आश्रमात राहून आपल्या मुलास, व जमल्यास त्याच्या बरोबरीने दुसऱ्या एका निराधार मुलास, अंगावर पाजावे, असे तिला सुचविण्यात येई. समाजाने जिच्याकडे पाठ फिरविली तिला अन्न, निवारा व पुढे चाकरी मिळवून देऊन तिचे मूल तिच्यापाशीच राहावे असा यत्न करण्यात येई. मुलासाठी नवे घर शोधण्यापूर्वी त्याचे पहिले घर वाचविता येते काय, हे आधी पाहावे, असा त्यांचा क्रम होता.

परंतु ज्यांना आई नाही व दाईच्या घरी राहण्याचे वयही सरले, अशा दोन-तीन वर्षांच्या मुलांचे काय करावे? न्यूयॉर्कात तेव्हा एक प्रघात पडला होता. चार्ल्स लोरिंग ब्रेस नामक एका प्रॉटेस्टंट गृहस्थांची संस्था १८५४ पासून शहरातील अनाथ मुले आगगाडीने पश्चिमेकडील शेतकरी मुलखात पाठवीत असे. तेथे एखाद्या सभागृहात मुलांस ओळीने उभे करीत आणि जमलेल्यांपैकी ज्यास जे पसंत पडेल ते तो घेऊन जाई. त्यामागील हेतू दयेचाच होता. पण ज्यास कोणीच निवडले नाही ते मूल पुन्हा गाडीत बसून पुढच्या गावी जाई. त्या बालमनावर काय घाव बसत असेल ह्याची कल्पनाच केलेली बरी. कॅथलिक आईबापांच्या पुष्कळ मुलांचा धर्मही अशा रीतीने सुटला.

सिस्टर आयरीन ह्यांच्या आश्रमानेही १८७० नंतरच्या दशकात मुले आगगाडीने पाठविण्यास आरंभ केला, परंतु रीत निराळी ठेविली. प्रथम आश्रमाचा प्रतिनिधी त्या त्या गावी जाऊन तेथील धर्मगुरूस भेटे. धर्मगुरू रविवारी मिस्साच्या वेळी व्यासपीठावरून ही हकिकत लोकांस सांगत. ज्या कुटुंबास मूल हवे असेल ते आपले नाव देई, मुलगा हवा की मुलगी, हेही सांगे. त्या घराचे आचरण कसे, मुलास शाळेत घालण्याची त्यांची ऐपत व इच्छा आहे काय, ह्याविषयी धर्मगुरू आपला अभिप्राय कळवीत. इतके झाल्यावरच आश्रमात त्या घराजोगे मूल निवडले जाई. मुलाच्या कपड्यांवर एक अंक शिवलेला असे व तोच अंक आधी त्या कुटुंबास पाठविलेला असे. गाडी स्थानकात शिरे तेव्हा सिस्टर व दाया मुलांस घेऊन उतरत, फलाटावर उभ्या असलेल्या आईबापांचा अंक जुळविला जाई, आणि ज्याची आधीच वाट पाहिली जात होती असे ते मूल आपल्या घरी जाई. करारपत्राने मुलाचे पालन, शिक्षण व धर्मशिक्षण ह्यांची जबाबदारी कुटुंबावर पडे, आणि घर अयोग्य ठरल्यास मूल परत नेण्याचा हक्क आश्रम आपल्याकडे राखी.

इकडे न्यूयॉर्कातील कार्यही वाढत होते. १८७० साली राज्याच्या विधिमंडळाने अडुसष्टाव्या रस्त्यावरील जागा व एक लक्ष डॉलर देण्यास मंजुरी दिली, परंतु तितकीच रक्कम लोकांकडून जमविण्याची अट घातली. १८७१ साली भरविलेल्या एका धर्मादाय बाजारात सत्तर हजारांहून अधिक डॉलर जमले, आणि १८७३ च्या ऑक्टोबरात नवी इमारत उघडली. पुढे १८८० साली सेंट अ‍ॅन्स प्रसूतिगृह, त्यानंतर आजारी मुलांसाठी रुग्णालय, आणि १८९४ साली क्षयरोग्यांसाठी सीटन हॉस्पिटल, अशा संस्था त्यांनी काढिल्या. १८९६ सालच्या ऑगस्टच्या १४ तारखेस त्यांनी देह ठेविला, तेव्हा आश्रमाच्या छायेत सुमारे सहाशे स्त्रिया व अठराशे मुले होती. त्यांच्यामागून, पहिल्या दिवसापासून त्यांच्या सोबत असलेल्या सिस्टर तेरेसा व्हिन्सेंट ह्यांनी कार्याची धुरा वाहिली. ती संस्था आजही न्यूयॉर्क शहरात मुलांसाठी पालक-कुटुंबे शोधीत आहे.

ह्या कार्यात उणिवा नव्हत्या असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. दूरच्या गावी गेलेल्या मुलांची वारंवार विचारपूस करणे कठीण जाई, कित्येकांस आपले मूळ नाव वा आईचा ठावठिकाणा कधीच कळला नाही, व काही घरी मूल हे पोटचे न समजता कामास मिळालेले हात समजले गेले. सिस्टर आयरीन ह्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १९०४ साली, तर मोठाच अनर्थ ओढवला. अ‍ॅरिझोना प्रांतातील खाणींच्या दोन गावी चाळीस मुले नेण्यात आली. त्यांना घेणारी कुटुंबे मेक्सिकन, धर्माने कॅथलिक व तेथील धर्मगुरूंनी पसंत केलेली होती. परंतु गोऱ्या कातडीची मुले मेक्सिकनांच्या घरी वाढावीत हे तेथील गोऱ्या रहिवाशांस खपले नाही. रात्री हत्यारबंद जमावाने ती मुले त्या घरांतून ओढून काढिली. एकोणीस मुले त्यांनी ठेवून घेतली, व एकवीस घेऊन सिस्टरांस परतावे लागले. आश्रमाने न्यायालयात दाद मागितली, पण १९०६ साली सर्वोच्च न्यायालयातही यश आले नाही. ज्या मातांनी त्या मुलांस एक-दोन दिवस पोटाशी धरिले, त्यांचे म्हणणे कोणत्याही न्यायालयाने ऐकून घेतले नाही. घर चांगले की वाईट हे वर्णावरून ठरविणाऱ्या मनुष्यांनी किती क्रौर्य केले, ह्याचा हा धडा विसरता कामा नये.

सिस्टर आयरीन ह्यांच्या चरित्रापासून आपल्यासारख्या धर्मग्रामास काय घेता येईल? त्यांच्या यशाचे मर्म असे की, निराधार मुलांस घर मिळावे म्हणून त्यांनी घरांची वाट पाहिली नाही, तर ती मागितली. ज्यांच्या मनात दया आहे अशी कुटुंबे प्रत्येक धर्मग्रामात असतात, पण त्यांना कोणी विचारावे लागते, धीर द्यावा लागतो, पारखावे लागते, आणि मूल घरी आल्यावरही त्यांची साथ सोडून चालत नाही.

आपल्या देशात ख्रिस्ती कुटुंबांस दीर्घ काळ कायद्याने दत्तक घेता येत नसे, १८९० च्या कायद्यान्वये केवळ पालक होता येई. बालन्याय कायद्याने, विशेषतः २००६ ची दुरुस्ती व २०१५ चा नवा कायदा ह्यांमुळे, आता कोणत्याही धर्माच्या योग्य दांपत्यास मूल दत्तक घेता येते, व काही काळापुरते प्रतिपालनासाठीही घेता येते. त्यासाठी ‘कारा’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाकडे वा जिल्ह्याच्या बालसंरक्षण कार्यालयाकडे रीतसर जावे. परस्पर कोणाचे मूल घेणे हा अपराध आहे, व मुलाच्याही हिताचे नाही.

ज्युबिलीच्या वर्षी आपण देवळाच्या भिंती रंगवितो, घंटा घासूनपुसून उजळवितो, पूर्वजांची नावे आठवितो. त्याच वेळी आपल्या धर्मग्रामातील एखाद्या निपुत्रिक दांपत्यास, किंवा आणखी एका पानाची जागा असलेल्या भरल्या घरास, हा विचार कोणी बोलून दाखविला, तर त्या साध्वीच्या पाळण्यातील एक मूल आपल्याही गावी पोहोचले असे होईल. प्रभू येशू स्वतः एका सुताराच्या घरी वाढला, आणि संत योसेफाने त्यास आपला म्हणून सांभाळिले. त्या थोर पालकाच्या मध्यस्थीने आपल्या घरांची दारे उघडी राहोत.