शिंपल्यांचे गणित

लहान मुलांना संगणकाची आज्ञावली शिकवावयाची, म्हणजे महागडी खेळणी आणि पडदे हवेतच, अशी समजूत आज दृढ होत आहे. ताराबाई मोडक यांचे चरित्र वेगळेच सांगते.

१८९२ साली मुंबईत जन्मलेल्या ताराबाई पदवीधर झाल्या आणि राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाच्या प्राचार्याही. ते मानाचे पद सोडून १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या. मूल ऐकून नव्हे, हाताने करून शिकते, हे माँटेसोरी पद्धतीचे मर्म त्यांनी तेथे आत्मसात केले. परंतु त्या पद्धतीची साधने गरिबांना परवडणारी नव्हती. म्हणून १९४५ साली तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी शिंपले, बिया, खडे आणि पाने हीच साधने केली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच वस्तीतील अंगणात नेली. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी हेच कार्य चालले. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या निवर्तल्या.

बियांची रांग लावताना मूल क्रम ठरवते, नियम पाळते, रांग चुकली की कोठे चुकली ते शोधते आणि स्वतःच दुरुस्त करते. आज्ञावली लिहिणाऱ्यालाही याहून निराळे काय करावे लागते? संगणक पुढे यथावकाश येईल. ज्या शाळेत तो अद्याप पोहोचलेला नाही, तिनेही तोवर थांबण्याचे कारण नाही. अंगण तर तिच्यापाशी आहेच.